गडग्यावरची मास्तरीण

"आजी, परत नापास झाले," म्हणत ती माझ्या अंगणाच्या दगडी गडग्यावर मटकन बसली. प्रशिक्षणाच्या चाचणीची आता शेवटची खेप उरली होती. ती हुकली की वरची वेतनश्रेणी अडकणार होती.

खालच्या शाळेतली ही मास्तरीण. रेंज फक्त वर सड्याच्या माळावर, आमच्या घराशी. म्हणून शाळा सुटली की रोज यायची, मोबाइल गडग्याच्या चिऱ्याला टेकवून प्रशिक्षणाचे व्हिडिओ लावायची आणि त्यांच्याकडे पाठ करून पोरांच्या वह्या तपासायची. मोबाइल आपला एकटाच बडबडत असायचा.

"बघायला काय झालं होतं बाय तुला?"

"सगळेच असं करतात, आजी. वर्गात पोरं खिडकीबाहेर बघतात तेव्हा मी ओरडते. इथे मीच पाठ फिरवून बसले."

"मग फिरव तोंड इकडे."

ती हसली. वह्या पिशवीत कोंबल्या आणि सगळं पहिल्यापासून लावलं. एके ठिकाणी मागे नेऊन दोनदा ऐकलं. मी आमसुलं उलटत होते. शिकवणाऱ्यांनाही शिकायचा कंटाळा असतो, तो काही पोरांनाच असतो असं नव्हे.

उन्हं कलल्यावर तिने चाचणी दिली. तिच्या शाळेतून ती एकटीच पास झाली. तिचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.