हरलेल्याचा चहा

आमच्या मामंजींइतका सातत्याने हरलेला, आणि तरीही दर वर्षी नव्याने जिंकायला निघालेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांनी स्वतः आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. एकदा मैदानाबाहेर आलेला बॉल घरंगळत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि देवाला फूल वाहावं तसा खेळाडूच्या हातात दिला. पण त्यांची टीम हरली की ते "टीम हरली" असं कधी म्हणत नसत. उंबऱ्यातच चपला काढता काढता सांगत, "आज आपण हरलो." त्या "आपण"मध्ये सासूबाई, माझे यजमान, मी, दुकानातला नोकर आणि गोठ्यातली म्हैस असे सगळेच आलो.

नगरला फुटबॉलचं वेड लष्कराच्या छावणीमुळे लागलं असं म्हणतात. पूर्वी पलटणी खेळायच्या, त्यांचं बघून गावातली पोरं खेळू लागली. आमच्या वेळी दोन टीमांचं खरं वैर होतं. वेशीच्या आतल्यांची टीम पिवळे शर्ट घालायची आणि वेशीबाहेरच्यांची पांढरे. पाऊस सरला की सामने सुरू होत आणि संक्रांतीच्या सुमाराला फायनल होई. फायनलला बहुतेक हेच दोघे समोरासमोर येत आणि जिंकत मात्र पांढरेच. मामंजी पिवळ्यांचे. माझे वडील, अण्णा, पांढऱ्यांचे. म्हणजे मी माहेरची पांढरी आणि सासरची पिवळी. मला स्वतःला पुस्तकाशिवाय कशातच गती नसल्यामुळे मी दोन्हीकडून निरुपयोगी होते.

आमच्या लग्नाच्या बैठकीत देणंघेणं आणि मानपान पान लावेपर्यंत मिटलं होतं. मग मामंजींनी सहज विचारलं, "टीम कोणती तुमची?" अण्णा कोर्टातले कारकून. बोलणंही अर्ज लिहिल्यासारखं. ते म्हणाले, "वेशीबाहेरची. गेल्या मोसमातला विजय आपल्या स्मरणात असेलच." मामंजींनी हातातलं पान परत तबकात ठेवलं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं धरून बसले होते. बोलणी आता मोडणार असं मला वाटलं. शेवटी आमच्याकडच्या एका वयस्कर काकांनी तोड काढली. दर वर्षी फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेल्या व्याह्याने जिंकलेल्या व्याह्याच्या घरी जायचं, तिथे बसून चहा प्यायचा आणि तोंड पाडायचं नाही. दोघांनी मान हलवली, सुपारी फुटली आणि माझं लग्न ठरलं.

त्याच वर्षी मामंजींनी बाजारातून नव्या कपबशा आणल्या. पांढऱ्या चिनी मातीच्या, काठाला गुलाबाची वेल. "व्याहीबुवा हरून येतील तेव्हा यातून चहा द्यायचा," असं सांगून त्यांनी त्या पेंढ्यासकट फडताळात वरच्या फळीवर ठेवल्या. मग पाहुणे येवोत, तालुक्याचे साहेब येवोत, सासूबाईंच्या माहेरची माणसं येवोत, त्या कपांना हात लावायची परवानगी नव्हती. सासूबाई वैतागून म्हणत, "अहो, कपाला काय कळतंय कोण हरलंय ते?" मामंजी म्हणत, "कपाला नसेल कळत. मला कळतं." आणि दर संक्रांतीच्या सुमाराला ते स्वच्छ धोतर नेसून, टोपी नीट बसवून, माझ्या माहेरी हरलेला चहा प्यायला जात. तोंड कधी पाडत नसत. उलट जाताना माझ्या आईसाठी तिळाच्या वड्या नेत आणि येताना अण्णांना सांगून येत, "पुढच्या साली तुम्ही या. कप तयार आहेत."

मामंजींचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्यापितळेची भांडी एका बाजूला आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दुसऱ्या बाजूला. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गेलं तर गल्ल्यासमोरच्या फळीवर आदल्या दिवशीचा सामना मांडलेला असे. पिवळ्यांची टीम पितळेची, पांढऱ्यांची अर्थातच जर्मनची. लोट्या पुढे, तांबे मध्ये, पाठीमागे दोन भक्कम घागरी आणि गोलमध्ये पातेलं. बॉल म्हणून सुपारी. "हा तांब्या इथे उभा राहिला असता तर गोल झालाच नसता," हे ते गिऱ्हाइकाला इतक्या कळकळीने पटवत की गिऱ्हाइकाला आपण काय घ्यायला आलो होतो हेच आठवत नसे. एकदा ते जेवायला घरी आले असताना सासूबाईंनी फळीवरचं पातेलं विकून टाकलं. परत येऊन बघतात तो गोल रिकामा. "अगं, गोलकीपर विकलास?" असं ते इतक्या मोठ्याने ओरडले की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. त्या आठवड्यात पिवळे खरोखरच हरले आणि त्या पातेल्याचा विषय आमच्या घरात पुढे कित्येक महिने निघत राहिला.

मैदानावर ते छत्री घेऊन जात, ऊन असो नसो. ती उघडायची नाही, नुसती टेकून उभं राहायचं. खाली बसायचं नाही, कारण एकदा बसले आणि तेवढ्यात गोल बसला. ऑफसाइड हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. "पोरगं धावत पुढे गेलं, त्याची मेहनत आहे. त्याला परत बोलवायचं हा कुठला न्याय?" असं ते रेफ्रीला सामना संपल्यावर नम्रपणे विचारत. अण्णा अगदी उलटे. घडी घातलेल्या रुमालावर बसायचे, टाळी वाजवायची नाही. गोल झाला तर चष्मा काढून पुसायचा, एवढाच आनंद. दर रविवारी ते आमच्याकडे येत आणि मग मोसमाचा हिशेब निघे.

"व्याहीबुवा, आपल्या बॅकची प्रकृती बरी नाही का? काल तो धावताना आढळला नाही, म्हणून विचारतो."

"तो धावत नाही व्याहीबुवा, तो विचार करतो. तुमच्याकडे कुणी करत नाही, म्हणून ओळखू आलं नसेल."

"विचारांती त्याने बॉल आपल्याच गोलमध्ये टाकला, हे निदर्शनास आणू इच्छितो."

"घ्या, चिवडा घ्या. बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल."

दुष्काळाच्या वर्षी मात्र हे सगळं पालटलं. पाऊस झालाच नव्हता. मैदानावर गवताची काडी नव्हती, पडलं की गुडघा सोलून निघे. वेशीबाहेरच्या टीममध्ये खेड्यांवरून आलेली पोरं जास्त. सुरुवातीचे सामने त्यांनी जिंकले, मग एकेकाने गाव सोडलं. कुणी श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर गेला, कुणी दुष्काळी कामावर. त्यांचा गोलकीपर बन्सी, ज्याच्यामुळे मामंजींनी इतकी वर्षं माझ्या माहेरचा चहा प्यायला होता, तो जामखेडकडच्या खडीच्या कामावर पाणी वाटायला गेला. पांढरे हरू लागले. पहिल्या पुण्याईवर फायनलला आले तेवढेच. इकडे पिवळे सुसाट निघाले होते. मामंजी दुकानात पितळेची भांडी चिंचेने घासून चकचकीत ठेवू लागले आणि फडताळ उघडून कपांकडे रोज एकदा बघू लागले.

फायनलच्या आधीच्या रविवारी अण्णा आले ते बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "व्याहीबुवा, आमच्या मंडळींनी टीम न उतरवायचं ठरवलं आहे. बन्सी नाही, त्याच्याशिवाय उतरायला पोरं तयार नाहीत. फायनलचा कप आपल्याला बिनसामन्याचा मिळेल. तेव्हा हरलेला चहा प्यायला आजच आलो आहे."

सासूबाई लगबगीने फडताळाकडे गेल्या. इतकी वर्षं त्या याच क्षणाची वाट बघत होत्या. मला वाटलं, मामंजी आता टोपी उडवतील.

"थांब," मामंजी म्हणाले. "ते कप काढू नकोस."

"अहो, पण ते हरलेत ना?"

"न खेळता कुणी हरत नाही. व्याहीबुवा, चहा घ्या, पण आपल्या रोजच्या कपातून."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. गोल झालेला नव्हता, तरी पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी छत्री घेऊन जामखेडच्या एसटीत बसले. पुढची हकिकत मला नंतर बन्सीने सांगितली. माळरानावर शेकडो माणसं खडी फोडत होती आणि बन्सी टँकरवर उभा राहून खालून आलेल्या कळश्या झेलत होता, भरून खाली देत होता. मामंजींनी खालूनच हाक मारली, "बन्सी, चल. शनिवारी फायनल आहे."

"आवं मामा, तुमी? तुमी तर पिवळ्यांचं!"

"म्हणून तर आलो. तुझ्याशिवाय कुणाला हरवायचं?"

"मला न्हाई येता यायचं. पानी कोन वाटील? मानसं तहानंनं मरतील."

मामंजींनी टँकरकडे पाहिलं, कळश्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग छत्री टँकरच्या नळाला अडकवून म्हणाले, "भांडी मला कळतात. मी वाटतो."

जो माणूस तापातसुद्धा सामना चुकवत नसे, तो त्या वर्षीच्या फायनलला मैदानावर नव्हता. आपली टीम पहिल्यांदा जिंकणार अशी खात्री असलेल्या दिवशी तो जामखेडच्या माळावर टँकरपाशी उभा होता. तिथल्या बायका अजून सांगतात म्हणे, की म्हाताऱ्याने पाणी वाटलं चांगलं, पण प्रत्येकीचं भांडं आधी उलटंपालटं करून बघायचा. "ही घागर कुणाकडून घेतलीस? बूड बघ कसं पातळ आहे." "आवं बाबा, भांडं काय बगताय, पानी घाला!" "घालतो गं, घालतो. पण कल्हई करून घे."

इकडे फायनलला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. माझे यजमान दुकान सांभाळत होते आणि घरातून कुणीतरी जायला हवं होतं. मामंजींच्या जागेशेजारी उभी राहिले, बसले नाही. पिवळ्यांनी चढाईवर चढाई केली, पण महिनोन् महिने कळश्या झेललेल्या बन्सीच्या हातांतून काही निसटत नव्हतं. मध्येच पांढऱ्यांनी एक गोल केला. शेवटी शेवटी पिवळ्यांना पेनल्टी मिळाली. आमच्या सेंटर फॉरवर्डने मारली, बन्सीने डावीकडे झेप घेऊन अडवली. पांढरे जिंकले. अण्णा रुमालावर बसलेले होते. त्यांनी चष्मा पुसला नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे ते नुसते बघत राहिले.

रविवारी बन्सी जामखेडला पोचला तेव्हा मामंजी टँकरवर होते. तो लांबूनच थांबला.

"मामा, लई वंगाळ वाटतंय. पेनल्टी आडिवली मी."

"कुठल्या अंगाला मारली?"

"डाव्या."

मामंजींनी कपाळावर हात मारला. "तो कायम डावीकडेच मारतो! किती वर्षं सांगतोय त्याला. ये वर, ही कळशी धर. बूड गळकं आहे, सांभाळून."

सोमवारी ते घरी आले ते उन्हाने रापून. आंघोळ केली, स्वच्छ धोतर नेसले, टोपी नीट बसवली आणि एक दिवस उशिरा का होईना, माझ्या माहेरी चहाला गेले. मी सोबत होते. अण्णांनी स्वतः कप पुढे केला. दोघांपैकी कुणीच जामखेडचं नाव काढलं नाही. फक्त निघताना मामंजी म्हणाले, "पुढच्या साली तुम्ही या. कप तयार आहेत." आणि अण्णा, ज्यांनी कधी कुणाला तोंडी आश्वासन दिलं नव्हतं, म्हणाले, "येईन."

पुढचा मोसम मामंजींनी पाहिला नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, मैदान हिरवं झालं आणि गणपती बसायच्या आधी एका दुपारी दुकानात टेकल्या टेकल्या ते गेले. समोर फळीवर भांडी मांडलेली होती. सामने अजून सुरू झाले नव्हते, म्हणजे ती पुढची टीम असावी. पितळेचं नवं पातेलं गोलमध्ये होतं.

सुतकाच्या घरी आलेला माणूस पाणीसुद्धा घेत नाही. येतो, बसतो, न सांगता उठून जातो. तिसऱ्या दिवशी अण्णा आले. भिंतीला टेकून बराच वेळ बसले. सगळ्यांसारखे तेही आता उठतील असं वाटलं. पण ते घसा साफ करून मला म्हणाले, "बाळ, चहा टाक."

बसलेल्या मंडळींनी माना वर केल्या. 

"हरलेल्याने यायचं ठरलं होतं," अण्णा म्हणाले. "आलो आहे."

आतल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तीन दिवसांत त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला, "वरच्या फळीवरच्या कपात दे गं."

मी फडताळ उघडलं, पेंढा बाजूला केला. गुलाबाची वेल नवीकोरी होती. कप धुतला तरी त्याच्या बुडाला पेंढ्याची एक काडी चिकटून राहिली होती, ती मला चहा ओतल्यावर दिसली. अण्णांनी ती बोटाने अलगद काढली आणि चहा प्यायला सुरुवात केली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. चष्मा ओला झाला होता, पण त्यांनी तो पुसला नाही, आणि बैठकीत ठरल्याप्रमाणे तोंडही पाडलं नाही.