सुकदेव बोंडे यांचा परत आलेला जॉब

जळगावच्या एमआयडीसीत सुकदेव बोंडे यांचं वर्कशॉप पाटी वाचून सापडत नाही. पाटी आहे, पण तिच्यापुढे शेजारच्या मगनने वेल्डिंगसाठी आलेल्या खिडक्यांच्या जाळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारावं की ज्यांचा जॉब परत येत नाही ते कुठे बसतात. तो हातातली गाळणी तशीच वर करून दिशा दाखवतो.

सुकदेवभाऊ मूळचे सावद्याचे. वडील जीवरामआबांची केळी होती, पण तीन भावांत मळा पुरणार नाही हे धाकट्या सुकदेवने दहावीतच ओळखलं आणि भुसावळला आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला. पुढे ठिबकचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं लेथवर उभे राहिले, मग दोन जुनी लेथ मशीनं घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. पंपाचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन, गिरणीचं बुश, जे येईल ते. धातूचा तुकडा हातात आला की आधी त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि मग मायक्रोमीटर लावायचा, ही त्यांची पद्धत. बहुतेक वेळा मायक्रोमीटर नखाचीच री ओढतो. तीस वर्षांत गिऱ्हाइकाने एकही जॉब, म्हणजे करून दिलेला नग, परत आणला नाही. हे ते स्वतः फारसं बोलत नाहीत, पण दुसऱ्या कुणी बोललं तर अडवतही नाहीत.

घर वर्कशॉपच्या मागेच आहे. मधल्या दारातून लताबाई ये-जा करतात. त्या नशिराबादच्या. फोन घेणं, माल बांधणं, आणि भाऊ एखाद्याला नको इतकं खरं बोलले की त्या माणसाला चहा देणं, ही खाती त्यांच्याकडे.

गेल्या श्रावणात त्यांच्याकडे मेघा पाटील आली. शिंदखेड्याची मुलगी, पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात प्रवेगक केंद्रात शास्त्रज्ञ. तिच्या भावाने, दीपकने, इथून एकदा पंपाचा शाफ्ट करून नेला होता. तिला करंगळीएवढी एक नळी हवी होती, आतून जेमतेम तीन मिलिमीटर भोक असलेली. धातू टँटलम. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कारखान्यांना एवढ्याशा कामासाठी मशीन अडकवायचं नव्हतं. टँटलमचा गज तिने सोबतच आणला होता. दोन नळ्या निघतील एवढा. एक बनवायची आणि अर्धा गज राखून ठेवायचा, काही झालंच तर.

जॉब कुठे बसणार हे कळल्याशिवाय भाऊ मशीन सुरू करत नाहीत. मेघाने पाटावर बसून कागदावर चित्र काढून सांगितलं. प्रवेगक म्हणजे कणांना ढकलून ढकलून प्रचंड वेग देणारं यंत्र. ते वेगवान कण युरेनियमच्या एका चकतीवर आदळवायचे. युरेनियमचे अणू फुटतात आणि त्यांतून निसर्गात सापडत नाहीत असे नवे अणू तयार होतात. हे अणू किरणोत्सारी असतात, म्हणजे टिकत नाहीत. तिला हवा होता तो रुबिडियमचा एक प्रकार, ब्याण्णव अणुभाराचा, साडेचार सेकंदांत निम्मा संपणारा. तेवढ्या वेळात त्याला तापलेल्या चकतीतून बाहेर काढायचं, या नळीतून न्यायचं, नळीच्या तापलेल्या भिंतीला लागून त्याच्यावर विद्युतभार चढला म्हणजे त्याचा आयन होतो, मग विजेने ओढून घ्यायचं आणि चुंबकाने बाकीच्यांतून वेगळं काढून त्याचा झोत करायचा. त्या झोतावर तिचा प्रयोग. नळी दोन हजार अंशांच्या वर तापणार, म्हणून टँटलम.

भाऊंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे घड कापला की घड्याळ सुरू. पिकायच्या आत दिल्लीले पोचला पाहिजे."

"साडेचार सेकंदांत दिल्ली," मेघा म्हणाली.

"मग रस्ता गुळगुळीत पाहिजे," भाऊ म्हणाले आणि त्यांनी काम घेतलं.

टँटलम हा चिकट धातू आहे. कापायला गेलं की सुटण्याऐवजी टूलला लपेटतो. भाऊंनी आधी पितळेवर सराव केला, मग टूलची धार चार वेगवेगळ्या कोनांत घासून पाहिली. दीड महिना इतर कामं सांभाळून ते त्या नळीशी झटत राहिले. मेघाने फोनवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती की स्वच्छता हवी. तेलाचा थेंब नको, हाताचा घाम नको. तिने पाठवलेल्या तीन रसायनांत नळी धुऊन, हातमोज्यांनी उचलून, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पाकिटावर भाऊंनी स्वतः लिहिलं, 'धुतलेली आहे.' दसऱ्यानंतर ती कुरियरने गेली.

प्रयोगासाठी मेघाला वर्षातून एकदाच यंत्र मिळतं. या वेळी नोव्हेंबरातले दहा दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी नळी बसवून नुसती तापवून बघायची होती, युरेनियमवर झोत सोडण्याआधी. त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"भाऊ, बठ्ठं पोटॅशियम शे," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी अहिराणी येते. सगळं पोटॅशियमच आहे, असं तिला म्हणायचं होतं.

मग तिने नीट सांगितलं. नळी तापवताच तिच्यातून पोटॅशियमचे आयन लोंढ्याने येत होते. पोटॅशियमवर भार फार सहज चढतो. नळीच्या तोंडाशी त्यांचीच इतकी गर्दी होती की रुबिडियमला बाहेर पडायला जागाच मिळाली नसती. तापवत ठेवलं तर हळूहळू निघून जाईल, पण त्यात आठवडा जाईल आणि हातात दहाच दिवस. तिच्याकडचे लोक जळगावचं नाव ऐकून हसले होते; जळगाव म्हणजे केळी आणि केळी म्हणजे पोटॅशियम. तरी तिला विचारणं भागच होतं की नळी करताना तिथे कुणी केळं खाल्लं होतं का.

भाऊंचा चेहरा असा झाला की जणू कुणी विचारलं होतं, शाफ्ट वाकडा आहे का. ते म्हणाले, वर्कशॉपमध्ये खायची चीज येत नाही, त्यांचा चहासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो. केळीच्या घरात जन्मलो म्हणून काय केळी खिशात घेऊन फिरतो का?

फोन स्पीकरवर होता. मधल्या दारात लताबाई भरताची वांगी पुसत उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, हे पोटॅशियम आणखी कशाकशात असतं. मेघाने यादी सांगितली: केळी, बटाटा, गूळ, राख, हळद.

लताबाईंनी वांगं खाली ठेवलं. आत येऊन फोन हातात घेतला आणि सरळ सांगून टाकलं. दसऱ्याला त्या दरवर्षी पूजा करतात. दोन्ही लेथना, त्यांच्या जॉब पकडणाऱ्या चकना, मायक्रोमीटरला, मागच्या वर्षी नव्या ड्रिल मशीनलाही. या दसऱ्याला सगळ्यांना हळदीकुंकू लावून झालं आणि फळीवर ते पाकीट दिसलं. ज्याच्यासाठी या माणसाने दीड महिना मान वर केली नाही, तेच तेवढं बिनपूजेचं जाणार, हे त्यांच्याने बघवलं नाही. त्यांनी पाकीट उघडलं, ओली हळद आणि कुंकू दोन बोटांनी लावलं, नमस्कार केला, धुतलेल्या फडक्याने पुसलं आणि कुरडयांची पाकिटं बंद करतात तसं मेणबत्तीवर धरून पाकीट पुन्हा चिकटवलं. वरचं सगळं पुसलं गेलं. भोकात गेलेली हळद तिथेच वाळली. आणि केंद्रातल्या माणसाने पाकिटावरचं अक्षर वाचून नळी वरवर विसळून बसवली.

फोनवर मेघाच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो थांबवायचा प्रयत्न केल्याचाही.

भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुले कोन सांगितलं व्हतं?"

"दरवर्षी कोन सांगते?" लताबाई म्हणाल्या.

भाऊ स्टुलावर बसून राहिले. तीस वर्षांत पहिला जॉब परत येणार होता, आणि तोही एवढ्या शिकलेल्या शास्त्रज्ञांसमोर. मेघाचे दहा दिवस वाया गेले तर पुढचे दहा वर्षभराने. लताबाईंनी त्यांच्यासमोर कपाटातून तो उरलेला अर्धा गज आणून ठेवला. म्हणाल्या, उद्या दिवस उजाडल्यावर सुरू करा, दुपारपर्यंत संपवा, आणि कुरियरवर आता कुणी भरवसा ठेवू नका. संध्याकाळची हावड्याची गाडी आहे.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा ताबा लताबाईंकडे होता. वर्षाचं लोणचं घालताना त्या स्वयंपाकघरात कुणाला फिरकू देत नाहीत. ओला हात नको, बोलताना तोंड बरणीवर नको, दुसऱ्या पदार्थात घातलेला चमचा नको. तेच सगळे नियम त्यांनी लेथला लावले. फरशी दोनदा पुसली, मशीन स्पिरिटने पुसलं, भाऊंच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून पिना लावल्या. स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, केसांना फडकं बांधलं.

मगन नेहमीसारखा आत डोकावला. सगळीकडे बातमी गेलीच होती. "काय भाऊ, नळीत केळं निघालं म्हने?"

लताबाईंनी त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "आंघोळ झाली का तुझी?"

"वहिनी, मी वेल्डर आहे."

"मग चारनंतर ये."

टूलचा कोन आता ठाऊक होता, म्हणून भाऊंनी अकराच्या सुमारासच बाहेरचा आकार पूर्ण केला. अवघड होतं ते भोक. एवढ्या बारीक ड्रिलला चिकट धातू धरून बसला की ड्रिल आतच तुटतं, आणि आता दुसरा गज नव्हता. ते एकेक मिलिमीटर आत जात, ड्रिल बाहेर घेत, लताबाई ते पुसत, पुन्हा आत. शेवटच्या चार मिलिमीटरांत ड्रिल किंचित कण्हलं. भाऊंनी मशीन बंद केलं, टूल बदललं, हात झटकले आणि मग पुढे गेले. दीड वाजता नळीतून खिडकीचा उजेड दिसला. त्यांनी सवयीने अंगठा कडेकडे नेला आणि लताबाईंनी वरच्यावर हात धरला.

"मोजे घाला," त्या म्हणाल्या.

मोज्यातून नखाला काही कळत नाही. पहिल्यांदाच भाऊंनी नुसत्या मायक्रोमीटरवर विश्वास ठेवला. नळी तिन्ही रसायनांत धुतली गेली. लताबाईंनी भोकातून बारीक ब्रश इतक्या वेळा फिरवला की भाऊंना सांगावं लागलं, आता धातू झिजेल.

गाडीत ते पाकीट स्टीलच्या डब्यात, डबा लताबाईंच्या पिशवीत, आणि पिशवी त्यांच्या मांडीवर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पिशवीत, ती भाऊंच्या बाजूला. समोरच्या बाईने डब्यात काय आहे विचारलं तर लताबाईंनी सांगितलं, लेकीकडे चाललोय, तिचं सामान आहे. त्यात फारसं खोटं नव्हतं.

स्टेशनवर मेघा घ्यायला आली होती. तिने पाकीट घेतलं, आणि या वेळी केंद्रातही नळी नव्याने पूर्ण धुतली गेली. कुणावर अविश्वास म्हणून नाही, असं तिने दोनदा सांगितलं. भाऊ म्हणाले, असूदे की अविश्वास.

नळी बसवून, निर्वात करून, तापवून दोन दिवस गेले. या वेळी पडद्यावर पोटॅशियमचा नुसता एक बुटका उंचवटा दिसला. तेवढा असतोच, मेघा म्हणाली. सहाव्या दिवशी युरेनियमवर झोत सुटणार होता. यंत्राजवळ त्या वेळी कुणालाच जाता येत नाही, जाड भिंतींच्या आड ते एकटंच असतं. नियंत्रण कक्षात मात्र मेघाने परवानगी काढून या दोघांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. लताबाईंनी नवी साडी नेसली होती. भाऊंनी हात मांडीखाली दाबून धरले होते.

पडद्यावर एक सपाट रेघ होती. मेघा चुंबकाचं बटण हळूहळू फिरवत होती आणि तिचे सहकारी आकडे वाचत होते. नव्वद. एक्क्याण्णव. ब्याण्णववर रेघ उठली. आधी मुंगीएवढी, मग बोटाएवढी. कुणीतरी टाळी वाजवली. मेघाने युरेनियमवरचा झोत बंद करून दाखवला, तशी रेघ डोळ्यांदेखत खाली बसत गेली. पुन्हा सुरू केला, पुन्हा उठली.

"सेकंदाला चाळीस हजार," मेघा मागे वळून म्हणाली. "तुमच्या नळीतून येताहेत, भाऊ. आपल्याला हवे होते त्याच्या दुप्पट."

भाऊंनी एकच विचारलं. "म्हणजे जॉब पास?"

"पास."

लताबाईंनी डोळे टिपले आणि लगेच मेघाला विचारलं की तिने सकाळपासून काही खाल्लं आहे का. तिने खाल्लं नव्हतं. बाहेर येऊन तिघांनी कॅन्टीनमध्ये भाकरीचे कडक झालेले शेवटचे तुकडे संपवले. चटणी मेघाच्या सहकाऱ्यांनी चाखली आणि दोघा जणांना पाणी मागावं लागलं.

निघताना मेघाने पहिल्या नळीचा विषय काढला. ती इथेच राहू दे, असं ती म्हणाली. रिकाम्या दिवसांत तापवून तापवून पोटॅशियम काढू, पुढच्या वर्षी कामाला येईल. परत न्यायची काही गरज नाही. तिने हे फार जपून सांगितलं, कारण भाऊंचं ते तीस वर्षांचं तिला माहीत होतं.

भाऊंनी थोडा विचार केला आणि हात पुढे केला. "नई बेटा. दे इकडं. जॉब परत आलाय तर तो ज्याचा त्याच्या दुकानात जाईल. धुऊन, नीट करून मीच पाठवीन."

मेघाने नळी आणून दिली. ती पुन्हा धुतली जाणारच होती, त्यामुळे आता मोज्यांशिवाय हातात घ्यायला हरकत नव्हती. भाऊंनी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, सावकाश. मग ती खिशात ठेवली.

परतीच्या गाडीत अकोला गेल्यावर लताबाईंनी विचारलं, "मगनले काय सांगशान?"

"सांगीन, परत आला म्हनून."

"आनि चहावाल्याले?"

"त्याले मगन सांगन," भाऊ म्हणाले आणि खिडकीशी सरकून बायकोला पाय पसरायला जागा करून दिली.