आपलीवाली रशियन

त्या रशियन मुलीला घरात मीच आणलं. क्रिकेटची मॅच पावसानं थांबली होती, मी चॅनल बदलत होतो आणि एका ठिकाणी दोन मुली टेनिस खेळत होत्या. मी पुढे जाणार तेवढ्यात बायको पोळ्या सोडून दारात आली. "थांबा, थांबा! ती डावरी आहे."

बायको स्वतः डावरी. ग्वाल्हेरला कॉलेजात टेनिस खेळायची. लग्न होऊन झाशीला आली तेव्हा इथल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायला लागली. पण घरी, पहिल्याच सणाला, आईनं तिच्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली होती. "पंगतीत डाव्या हातानं वाढत नाहीत गं." तेव्हापासून ती वाढते उजव्या हातानं आणि थोडं सांडते. टीव्हीवरची ती लांब वेणीची पोर मात्र डाव्या हातानं चेंडू असा हाणत होती, की जणू उजवा हात देवानं तिला नुसता तोल सांभाळायला दिला होता. बायको पिठाचे हात तसेच ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. मुलगी हरली. "ही पुढे जाणार," बायको म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरात 'आपलीवाली' झाली. झाशीतली आमची मराठी अशीच आहे. अर्धी पुण्याच्या नातेवाइकांना कळते, अर्धी शेजारच्या बुंदेली घरांना.

आपलीवाली फार पुढे गेली नाही. हे मी मत्सरानं लिहीत नाही, खरंच नाही गेली. काही काळ पहिल्या पन्नासात होती. एका मोठ्या स्पर्धेत एकदा चौथ्या फेरीपर्यंत पोचली. एकच चषक जिंकली, तोही अशा गावात की बायकोला ते शोधायला मुलीच्या शाळेचा ॲटलास काढावा लागला. मग तिचा खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली, नंबर घसरत घसरत कुणी विचारू नये इतका खाली गेला. लग्न, मूल. सगळ्यांना वाटलं संपलं. मलाही वाटलं, आणि मला बरं वाटलं. पण मूल चालायला लागल्यावर ती परत आली. छोट्या छोट्या गावांत, पात्रता फेऱ्यांपासून, रिकाम्या खुर्च्यांसमोर, आपली बॅग आपण ओढत.

हे सगळं मला माहीत आहे, कारण बायकोला माहीत होतं. आपलीवालीच्या खांद्याचं दुखणं कुठल्या हाडाखाली, थंडीत जास्त की उन्हाळ्यात, सगळं. माझी कंबर कितीतरी वर्षं दुखते आहे. बाम लावायला बसली की बायको दर वेळी विचारते, "कुठली बाजू?" मला बढती नाकारली त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "बरं, हात धुऊन घ्या, जेवायला वाढलंय." आणि आपलीवाली पहिल्या फेरीत हरली की हीच बाई दोन दिवस मला समजावायची, वारा कसा उलटा होता, पंच कसा आंधळा होता. माझ्या साहेबाला ती कधी आंधळा म्हणाली नाही.

ऑफिसातून फोनवर मी तिचे निकाल बघायचो. ती हरली असली की सिव्हिल लाइन्समधून लक्ष्मी गेटपर्यंत माझी स्कूटर हलकी व्हायची. हलवायाच्या दुकानावर थांबून गरम इमरती घ्यायचो. बायकोला वाटायचं, तिचं मन राखायला आणली आहे. "तुम्हाला पण वाईट वाटलं ना?" असं म्हणून ती पहिला घास मला द्यायची. मी तो खायचो. पाप कसं लागतं ते मला ठाऊक नाही, पण त्याची चव इमरतीसारखी असावी.

ऑफिसात हे एकदा बोलून बसलो, तर शेजारच्या टेबलावरचे भैया दर सोमवारी विचारू लागले, "क्यों भैया, आपकी सौतन का क्या हाल है?" सगळे हसायचे, मीही हसायचो. सवत समोर असली तर निदान भांडता येतं. ही मुलगी मला ओळखतही नव्हती.

मागच्या मे महिन्यातला रविवार. दुपारी पॅरिसची मॅच होती. कूलर घोंघावत होता, आई खाटेवर डोळे मिटून पडली होती. आपलीवाली खूप वर्षांनी मोठ्या स्पर्धेत आली होती आणि पहिला सेट जिंकली होती. अचानक बायको मांडीवर हात मारून ओरडली, "हाय राम, सर्विस तुटली!"

आई खडबडून उठली. "कुणाची? ह्याची? अरे, काय करून बसलास? साहेबाशी भांडलास?"

"आई, मी इथे समोर बसलोय."

"मग रविवारची कशी तुटली?"

आमच्या घराण्यात सर्विस हा शब्द देवघरातल्या शब्दांइतका जपून वापरतात. पूर्वज सुभेदारांबरोबर इकडे हिशेब लिहायला आले, पुढे खानदानात सगळे कारकून. बिनपगारी रजा घेतली की सर्विसमध्ये ब्रेक येतो आणि पेन्शन अडते, ही भीती आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो.

बायको हसून हसून लाल झाली होती. "अहो आई, ह्यांची नाही, हिची. चेंडू आधी मारायची पाळी आपली आणि तरी गेम समोरचीनं नेला, की म्हणायचं सर्विस तुटली."

"मग आता हिचं पेन्शन?"

"तुटते तशी परत घेता येते, आई. पुढच्या गेमला समोरचीची आपण तोडायची."

आई पुन्हा आडवी झाली. डोळे मिटता मिटता, वाईट हेतूनं नव्हे, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "तुझी तुटली ती मात्र तशीच राहिली गं."

बायकोचं हसू थांबलं. मुलगी लहानपणी टायफॉइडनं पडली तेव्हा बायकोची शाळेतली नोकरी सुटली होती, ती परत धरलीच नाही. आता मुलगी पुण्यात नोकरीला. मॅच पुढे चालू राहिली, आपलीवाली हरली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती का हरली हे बायकोनं मला सांगितलं नाही.

जूनमध्ये तिला कुठूनसं कळलं की समथरला एका मुलींच्या शाळेला खेळाची शिक्षिका हवी आहे. समथर म्हणजे बसनं जायचं गाव. रोज ये-जा करणारे करतात, पण मेटाकुटीला येतात. शाळेतल्या एका बाईंकडे रिकामी खोलीही होती. मी म्हटलं, ऊन फार असतं तिकडे. मी म्हटलं, आईला कोण बघणार.

"मी काय पाळण्यात आहे का?" आई म्हणाली.

मुलीला फोन लावला, वाटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिला मराठी कळते, पण बोलते हिंदीत. "पापा, मम्मी को जाने दो ना. आप रोटी बनाना सीख लो."

मला पोळ्यांची भीती नव्हती. बायको मैदानावर उभी असली की कशी दिसते ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं. शिट्टी गळ्यात, डावा हात वर, आणि आवाज असा की भिंतीपलीकडची गाय मान वर करून बघायची. तो चेहरा घरात कधी आला नाही. टीव्हीसमोर यायचा तो त्याचाच थोडासा भाग. आता तो सगळाच्या सगळा समथरला जाणार होता, परक्या मुलींकडे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ऑफिसात फोन उघडला आणि बातमी दिसली. आपलीवालीनं खेळ सोडला होता. खांदा पुन्हा गेला, आता पुरे, घरी जाते, अशा अर्थाचं तिनं लिहिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. संध्याकाळी घरी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. जेवताना जिभेवर होतं, मी गिळलं.

सकाळी बसस्टँडवर बायकोला सोडायला गेलो. तिनं कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती आणि खाली खेळायचे पांढरे बूट घातले होते. बसमध्ये खिडकीशी बसली. कंडक्टरनं "समथर, समथर, चलो बहनजी लोग" असं ओरडून दार आपटलं, तेव्हा मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "अगं, तुझ्या रशियननं खेळ सोडला. थकली म्हणे. शेवटी घरीच गेली."

माझा आवाज काळजीचा होता. तो मी वाटेत स्कूटरवर तयार केला होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बस हलली.

दिवसभर मी वाट बघितली की ती अर्ध्या वाटेवरून परतेल, किंवा तिथे गेल्यावर मन उडेल, आवाज फुटणार नाही. हे लिहिताना हात जड होतो आहे, पण मी खरोखर ही वाट बघितली. संध्याकाळी ती आली. साडीच्या काठाला लाल माती लागली होती. आईला नमस्कार केला. "मिळाली, आई. मुलींना लगेच पळवून दाखवायला सांगितलं. मीच पुढे पळाले."

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

आई देवासमोर दिवा लावायला गेली तेव्हा बायको म्हणाली, "मला तुमच्या आधीच कळलं होतं."

"काय?"

"तिनं खेळ सोडल्याचं. परवाच. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं बघू, तुम्हाला कळलं तर तुम्ही कधी सांगता. काल जेवताना तुमचा चेहरा बघूनच कळलं, तुम्ही वाचलंय."

मी म्हटलं, "अगं, मला वाटलं तुला..."

"रात्री सांगितलं असतंत तर मी रडले असते. तुमच्यापाशी बसून रडले असते, अहो." तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला, पाणी प्यायली. "रोज येऊन-जाऊन करायचं की तिथे राहायचं, हे सकाळपर्यंत ठरत नव्हतं. बस सुटली तेव्हा ठरलं. त्या बाईंना खोलीसाठी हो म्हणून आलेय."

आता ती शनिवारी येते. समथरच्या मुलींच्या गोष्टी सांगते. त्यांतली एक फार वेगानं पळते, एकीला चप्पल सोडवत नाही. मला त्या मुलींचाही हेवा वाटतो, हे लपवून काय उपयोग. मी भाजी बरी करतो. पोळ्या आई करते.

सोमवारी सकाळी बसस्टँडवर मीच सोडतो. ती खिडकीशी बसते, मी खाली उभा. बस सुटायच्या आधी ती दर वेळी वाकून माझ्याकडे बघते आणि विचारते, "काय?"

"काही नाही," मी म्हणतो. ते खरं असतं. पण बस वळेपर्यंत ती माझा चेहरा तपासत राहते.