अक्कांचा फोटो आणि चाचांची तक्रार

आपण काढलेल्या प्रत्येक फोटोची जन्मभर विचारपूस करणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो आमच्या इस्लामपुरात, माझ्या घरासमोरच्या स्टुडिओत बसतो. सगळं गाव त्यांना फोटोवाले चाचा म्हणतं. मी इथल्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातला एकूण एक वर्गफोटो चाचांनी काढला, त्यामुळे ते मला अजून 'बाई'च म्हणतात. चाचा कुणाच्या घरी गेले की माणसांकडे बघायच्या आधी भिंतीकडे बघतात. आपला फोटो तिथं असलाच, तर त्याला ओल लागतेय का, ऊन लागतंय का, हे पाहून झाल्याशिवाय खुर्चीला पाठ टेकत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या फोटोला घातलेला चंदनी हार त्यांच्या डोळ्यांवर येत होता. चाचांनी स्टुलावर चढून तो सैल केला, खाली सोडला, आणि "आता दिसाय लागलं सायबास्नी" असं म्हणून मगच पाण्याचा पेला हातात घेतला.

त्यांचा दुसरा नेम असा, की विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी पंगतीचे फोटो घ्यायचा हुकूम सोडला. चाचांचं म्हणणं, घास तोंडात असलेल्या माणसाला परवानगी विचारता येत नाही. मामा हट्टाला पेटले तेव्हा चाचांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि स्वतःच पंगतीला बसले, म्हणजे विषयच मिटला. आणि फोटो एकदा काढला की त्याच्याखाली त्यांचं नाव हवं म्हणजे हवं. गावातल्या एका छापखान्यानं त्यांचा कृष्णेच्या घाटाचा फोटो न विचारता कॅलेंडरवर छापला, तर चाचा सकाळी नऊला त्या छापखान्याच्या बाकावर जाऊन बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मालकानं नावाच्या चिठ्ठ्या छापल्या आणि दोघांनी मिळून त्या प्रत्येक कॅलेंडरवर चिकटवल्या. पुढं त्या दोघांची इतकी दोस्ती झाली की ईदचा शीरखुर्मा पहिला तिकडं जातो.

चाचांच्या सुनेनं त्यांना मोबाईलवर फोटोंचं पान काढून दिलं, तेव्हा ते लय खूश झाले. कंपनीचं नाव मी घेत नाही. ती आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. तिथंही त्यांनी आपला रिवाज सोडला नाही. कोपऱ्यात स्वतःचं नाव, खाली फोटोतल्या माणसाचं नाव, आणि पुढं 'विचारून लावला आहे' अशी ओळ. त्यातला सगळ्यांत गाजलेला फोटो आष्ट्याच्या अक्कांचा. अक्का म्हणजे चाचांच्या वडिलांच्या मित्राची थोरली लेक, जैन, वय पंचाहत्तरच्या पुढं. गच्चीवर लाल मिरच्यांचा ढीग पुढ्यात घेऊन त्या देठं काढत बसल्या होत्या. चाचांनी रीतसर परवानगी विचारली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चाचांनाच मिरचीच्या खकाण्यानं एकामागून एक सात शिंका आल्या. सातव्या शिंकेला अक्कांना जे हसू फुटलं, ते त्या फोटोत आहे. एक डोळा मिटलेला, पदर घसरलेला, हातात मिरची तशीच. तो पानावर लावायलाही अक्कांनी हो म्हटलं होतं, आपल्या लेकीला पुण्यात बघायला मिळेल म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मी फोन चाळत होते आणि एकदम अक्का समोर आल्या. तेच हसू, त्याच मिरच्या. कोपऱ्यातलं चाचांचं नाव कापलेलं, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'आजीच्या हातचा अस्सल कांदा-लसूण मसाला.' मला आधी हसू आलं, हे मी कबूल करते. ज्या बाईनं जन्मात कांद्या-लसणाला हात लावला नाही, जिच्या घरी बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, तिच्या हातचा हा मसाला. मी रस्ता ओलांडून चाचांना फोन दाखवला. ते हसले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "बाई, न विचारता कुठं लावणार न्हाई म्हणून मी अक्काला शब्द दिलाय."

तक्रार इंग्रजीत करायची म्हणून मी लिहायला बसले. फोटो कुणी काढला, कधी काढला, मूळ फोटो कुठं आहे, सगळं भरलं. उत्तर इतक्या लवकर आलं की आमचा चहासुद्धा निवला नव्हता. आम्ही तपासलं, यात आमच्या नियमांचा भंग दिसत नाही. चाचांनी विचारलं, कुणी तपासलं? मी म्हटलं, मशीननं तपासलं असेल. मग आम्ही पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. अकराव्या तक्रारीनंतर ती जाहिरात एकदाची काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावानं तीच जाहिरात दोन ठिकाणी दिसू लागली.

चाचांना सगळ्यांत जास्त झोंबलं ते वेगळंच. मागच्या वर्षी त्यांनी एका वरातीची चित्रफीत पानावर टाकली होती. मागं बँडवाला सिनेमातलं गाणं वाजवत होता. दहा मिनिटांत कंपनीनं तिचा आवाज बंद केला आणि वर ताकीद पाठवली, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. "आवं बाई, पिपाणीवर वाजिवल्यालं गाणं ह्यांना वळखू येतंय, तेबी बेसूर," चाचा म्हणाले, "आन् माझा फोटो जसाच्या तसा हाय, त्यो वळखू येत न्हाई व्हय?" ज्यांच्यामागं वकिलांची फौज आहे त्यांची मालकी मशीनला लगेच दिसते, हे मला समजलं होतं. पण ते चाचांच्या तोंडाकडे बघून बोलवलं नाही.

मग आम्ही सांगलीला गेलो. पोलिसांच्या सायबर विभागातल्या साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा म्हणाले. आम्ही रजिस्टर पत्र पाठवलं, सोबत फोटोची प्रत जोडली. पोचपावतीवर एक शिक्का आला, पुढं काही नाही. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की कंपनीचं म्हणणं असं असतं, आम्ही नुसता फळा लावलाय, त्याच्यावर कोण काय चिकटवतो त्याला आम्ही जबाबदार नाही. चाचा शांतपणे म्हणाले, "फळा असता तर मी गप बसलो असतो वकीलसाहेब. पण जाहिरातीचं भाडं घेत्यात की. चोरीचा माल हाय म्हणून सांगितल्यावरबी घेत्यात." वकिलांनी मान डोलावली आणि नोटिशीचा मसुदा करतो म्हणाले. येताना एसटीत चाचा सारखं एकच विचारत होते, की ह्या कंपनीचं हापीस नेमकं कुठं असतं. वीज मंडळ असो की नगरपालिका, त्यांनी आयुष्यात कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभं राहूनच काम करून घेतलं होतं. इथं खिडकीच नव्हती.

नोटीस जायच्या आधी आष्ट्याहून अक्कांच्या सुनेचा फोन आला. अक्का आठ दिवस बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात गेल्या नव्हत्या. तिथं कुणी बायकांनी चेष्टा केली होती, की अक्का, आता आमालाबी लसूण चालंल का. चाचांनी त्याच दिवशी जायचं ठरवलं आणि मला सोबत घेतलं. अक्का माजघरात बसल्या होत्या. चाचा समोर सतरंजीवर बसले आणि त्यांनी माफी मागितली. तक्रारी, सांगली, वकील, सगळं सांगितलं. अक्कांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मसाला तू थोडाच इकलास? पण माझं हसू बाजारात फिरतंय, ते मला न्हाई सोसत. तुझ्याकडचाबी काढून टाक." चाचांनी तिथंच, अक्कांच्या देखत, आपल्या पानावरचा तो फोटो पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी कंपनीकडून पत्र आलं. तक्रार तपासण्यासाठी मूळ फोटोचा दुवा पुन्हा पाठवावा. ती लिंक आता कुठून आणायची, फोटो तर पानावरून पुसलेला? मी सगळी हकीकत लिहून कळवली. मूळ फोटो न मिळाल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे, असं उत्तर आलं. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याचा फोटो चोरला त्यानं लाजेखातर तो झाकला, तर पुरावा गेला म्हणून चोर सुटला. मी चाचांना म्हटलं, आपण वर्तमानपत्रात लिहू, वकिलांना पुढं जायला सांगू. ते म्हणाले, अक्काचं नाव पुन्हा चारचौघांत नको. पावसाळ्यात ती जाहिरात आपोआप नाहीशी झाली. मसालेवाल्याला दुसरी कुणाची आजी सापडली असावी. अक्का बस्तीत जाऊ लागल्या.

चाचांनी मात्र पानावरचे बाकीचे फोटोही उतरवायला घेतले. रोज दुपारी स्टुडिओत बसून एकेक फोटो उघडायचे, त्यातल्या माणसाची गोष्ट मला सांगायचे आणि मग तो पुसायचे. कासेगावचा पैलवान, पेठची बारशातली जुळी, रिटायर होऊन परतलेला सुभेदार. सबंध श्रावण त्यातच गेला. आता त्या पानावर फक्त त्यांचं नाव आहे.

परवा मी तिथं बसले होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. कंपनीचाच निरोप होता, आता चक्क मराठीत. बऱ्याच दिवसांत आपण काही टाकलं नाही, आपले मित्र आपल्या फोटोंची वाट पाहत आहेत. चाचांनी तो सावकाश, एकेक शब्द लावत वाचला. "इतक्या तक्रारी केल्या, तवा एक माणूस बोलला न्हाई," ते म्हणाले. "आता हाक मारत्यात." त्यांनी फोन उपडा ठेवला आणि माझ्या गुडघ्याचं कसं आहे म्हणून विचारलं. त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. थोडा असता, तर मला बरं वाटलं असतं.