नंदासारखी दुसरी

शेजारचे वामनराव परवा सकाळी कागदाची एक पुडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पुडीत त्यांच्या नंदाचे चार-दोन लांब केस होते, तिच्या फणीत अडकून राहिलेले. त्यांची ही एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली.

“तुम्ही जीवशास्त्र शिकवायचात,” ते म्हणाले. “मेलेल्या कुत्र्यासारखं हुबेहूब पिल्लू केलं म्हणे कुणी. माणसाचं होईल का?”

मी त्यांना आत बसवलं. शास्त्रातल्या अडचणी सांगाव्यात की कायद्यातल्या, ते कळेना. शेवटी म्हणालो, “उद्या जमेलही कदाचित. चेहरा तोच येईल, पण ती नवीनच मुलगी असेल. तुमच्यासोबतचं काहीच तिला आठवणार नाही.”

त्यांनी पुडीची घडी पुन्हा नीट घातली.

“आमची नंदा गायची,” ते हळूच म्हणाले. “या नव्या मुलीला गाणं आवडलं नाही, तर मी हिच्यावर रागावेन. रोज रागावेन. त्या पोरीचा काय दोष?”

क्लोनिंगचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, फायदे-तोटे फळ्यावर लिहून दिले. पण जन्मायच्या आधीच दुसऱ्या कुणाची जागा भरून काढायचं ओझं ज्याच्यावर पडलंय, असं मूल माझ्या डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं आणि त्याच्यात दुसऱ्यालाच शोधायचं. इतकं एकटं कोण असेल?

निघताना वामनराव उंबऱ्याशी थांबले.

“संध्याकाळी येऊ का? तिच्याविषयी बोलायला घरात कुणी नाही.”