दुखवट्याचं ताट

काका वारल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ ते पावणेअकरा या वेळात, माझ्या काकीवर अन्याय झाला. करणारे तीस-चाळीस जण होते. सगळे आपलेच, सगळे सांत्वनाला आलेले. त्यांत मीही होते. मी ताट भरत होते.

ताट म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी सांगते. मयताच्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, एक मोठं स्टीलचं ताट मांडतात. त्यात पानं, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, सोडलेली विडीबंडलं आणि काडीपेटी. आलेला माणूस टेकतो, "लय वाईट झालं" म्हणतो आणि ताटाकडे हात नेतो. पुढे काय बोलावं हे कुणालाच माहीत नसतं, तेवढा वेळ ताट निभावून नेतं. ते रिकामं दिसलं तर घराची नाचक्की. मी सांगलीत तंबाखूमुक्तीच्या ज्या कामात आहे तिथे आम्ही पत्रकं काढतो. एसटी स्टँडवर, टपऱ्यांवर, कॉलेजच्या फाटकाशी वाटतो. विडीवर पत्रक आहे, सिगारेटवर आहे, गुटख्यावर आहे. ताटावर नाही. आम्हाला ते सुचलंच नव्हतं.

काकांचं घर मेढ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. काका फौजेतून सुभेदार होऊन आले. विडी फौजेच्या आधीपासूनची. काकीनं जन्मात विडीला हात लावला नाही, म्हणजे पेटवायला नाही. अंथरुणाखालची थोटकं रोज सकाळी तीच गोळा करायची. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची कळशी घेऊन अंगणाच्या पाच पायऱ्या चढताना ती तिसरीवर बसली आणि उठेना. तेव्हा मी दोघांना साताऱ्यात छातीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी काकीला एका नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं, कागदावरची रेघ बघितली आणि विचारलं, "विडी ओढता?"

काकी हसली. "आवं डाक्टर, आमी बायामानसं कवा बिडी वडतोय?"

"मग घरात कोण ओढतं?"

काकी खाली बघायला लागली. शेजारच्या खुर्चीतून काका म्हणाले, "मी. पर वडतो मी आन् दम हिला, ह्ये कसं?"

"एकाच खोलीत झोपता ना? मग त्याही ओढतात. नुसती विडी हातात नसते." डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला. "हे जे गेलं ते परत यायचं नाही. राहिलंय तेवढं राखा." त्यांनी काकीला श्वासाच्या औषधाचा पंप लिहून दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा.

माझ्या पत्रकांबद्दल काका म्हणायचे, "तुजी पत्रकं चूल पेटवाय झ्याक हायती." पण साताऱ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली घडीची खुर्ची उचलली, अंगणात फणसाखाली नेऊन ठेवली आणि काकीला म्हणाले, "ही आपली हद्द. उंबऱ्याच्या आत आजपास्नं बिडी न्हाई."

सहा महिने त्यांनी हे पाळलं. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना याची किंमत कळेल. छत्री खांद्याला अडकवून फणसाखाली बसायचे. जाणारे-येणारे चिडवायचे, "काय सुभेदार, बायकूनं भाईर काडलं व्हय?"

"पोस्टिंग हाय गड्या."

विडी सुटली नाही, हेही लिहिलं पाहिजे. ती नुसती उंबऱ्याबाहेर गेली. पण काकीनं सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या, तिचा रात्रीचा खोकला उतरला आणि दिवाळीपर्यंत ती एकदाच थांबून पाचही पायऱ्या चढायला लागली. पंप ती देव्हाऱ्यात निरांजनाशेजारी ठेवायची. दिवा लावायचा, पंप ओढायचा, मग चहा. चुकायला जागाच नाही.

मग थंडीत काका हृदयाच्या झटक्यानं गेले.

सुतक लागलं की आमच्याकडे देव्हाऱ्यावर कापड टाकतात. दिवा नाही, पूजा नाही, कुणी हात लावायचा नाही. कापडाखाली देव होते आणि पंप होता. तीन दिवस काकीला तो कुणी दिला नाही, तिनं मागितला नाही. विधवा बाईनं तिसऱ्या दिवशी स्वतःचं औषध मागायचं म्हणजे तिला काही वाटतं की नाही, असं बोलणं झालं असतं.

त्या सकाळी गार वारा सुटला म्हणून सोप्याची दारं-खिडक्या लावून घेतल्या. एका बाजूला पुरुष, कोपऱ्यात बायका, बायकांच्या मधोमध काकी. भावकीतले थोरले आबा मला म्हणाले, "पोरी, ताटाकडं ध्यान ठेव. बंडलं संपाय नगत. सुभेदाराचं घर हाय ह्ये." मी ध्यान ठेवलं. दोनदा दुकानात माणूस पाठवला. काका हयात असताना ज्या सोप्यात विडी येत नव्हती, तिथे ते गेल्यावर त्यांच्या मानाखातर मी ती ओंजळीनं आणून ठेवली. माझ्या पिशवीत तेव्हा पत्रकांचा गठ्ठा होता.

काकीला उबळ आली. बायकांना वाटलं, हुंदका. ती पुढे वाकली, खांदे वरखाली व्हायला लागले. काकांच्या बहिणीनं, माझ्या मावळणीनं, तिला छातीशी घट्ट धरलं. "रड गं बाय, मोकळी हो. तीन दिस गप हुतीस." दुसरी म्हणाली, "रडू द्या, आडवू नगा." कुणीतरी तिच्या डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मीही वळून बघितलं आणि म्हटलं, बरं झालं, रडली एकदाची. मग चुन्याची डबी भरायला आत गेले.

परत आले तेव्हा ती हात हलवत होती. बायका तो हात धरून खाली ठेवत होत्या, ती पुन्हा उचलत होती. हात देव्हाऱ्याकडे होता. मी पदर मागे सारला. डोळे कोरडे ठणठणीत होते आणि ओठ जांभळासारखे निळे. मी देव्हाऱ्यावरचं कापड ओढलं तशी मागून मावळण ओरडली, "अगं, सुतकात हात लावतीस व्हय!" मी लावला.

नुसत्या पंपानं भागलं नाही. चुलतभावाच्या जीपमधून साताऱ्याला नेलं. नाकातोंडावर मास्क, दहा दिवस दवाखाना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात परत कोण ओढायला लागलं?" काकीनं मास्क बाजूला केला. "आता कोन न्हाई वडणारं," म्हणाली, आणि तेव्हा रडली.

दहावा तिच्याशिवाय झाला. गावात बोलणं सुरू झालंच, नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा नव्हती म्हणून. डॉक्टर म्हणाले, तेराव्याला न्या, पण आधी घर बघा. बाराव्या दिवशी मी घरी गेले. सोप्यात धुराचा आंबूस वास, ताट जागच्या जागी, आबा ताटाशी.

"आबा, बिडी भाईर. न्हाईतर काकी येणार न्हाई."

"मग मयताला आल्यालं मानूस तोंड बघत बसंल व्हय? त्येला काय देऊ, तुजं पत्रक?"

"च्या द्या. आबा, काका सा महिनं पावसात बसलं त्ये कशापायी? त्यांच्या मागं त्यांची हद्द तुमीच मोडली. मी बी मोडली."

आबांनी ताटावरचा हात काढून घेतला. मी बंडलं आणि काडीपेटी काढली, दारं सताड उघडली, गोधड्या पुन्हा नदीवर नेल्या. तेराव्याला काकी आली आणि सोप्यात बसली. लोक आले, चहा प्यायले, गेले. कुणाची नाचक्की झाली नाही. दुपारी आबा उठले, खिसा चाचपत फणसाखाली गेले आणि काकांच्या खुर्चीशेजारी उभ्यानंच ओढायला लागले. काकी खिडकीतून बघत होती. म्हणाली, "बसा म्हनावं आबास्नी खुर्चीत. पाय दुकतील."

परवा पुन्हा नळीत फुंकून झालं. रेघ पहिल्यापेक्षा खाली आहे. पायऱ्या ती आता दोनदा थांबून चढते. तो एक थांबा त्या सव्वा तासात वाढला, आणि तो वाढला तो वाढलाच.

तुमच्याही माळ्यावर ते ताट असेल. पुढच्या वेळी ते खाली काढाल तेव्हा त्यात विडी आणि काडीपेटी ठेवू नका, कुणी मान मागितला तरी. तुम्ही सांत्वनाला जाल तेव्हा खिशातली विडी उंबऱ्याबाहेर ओढा, फाटकाच्याही पलीकडे जाऊन. आणि आत कोपऱ्यात एखादी बाई हुंदके देताना दिसली, तर तिला छातीशी दाबू नका. आधी दार उघडा, तिचा पदर मागे सारा आणि विचारा, "दम लागतोय का?"