काचघरात वितळलेले हलव्याचे दागिने

नागपूरहून सासूबाईंनी हलव्याचे दागिने पाठवले, तेव्हा विमान नक्कीच एका बाजूला कलून उडालं असणार. मुकुट, नथ, हार, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा. लेकीची लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणून माउलीने हलवा घरीच केला होता, मंद आचेवरच्या परातीत बोटं भाजून घेत, दाण्यादाण्याला काटा येईपर्यंत. तो काटा, माझ्या सांगण्यात, इतका टोकदार होता की कस्टमवाला डबा उघडून बोटाला पट्टी बांधूनच घरी गेला.

पण डब्लिनच्या हवेपुढे हलव्याची काय कथा? इथे भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पिळून वाळत घालावं लागतं. दागिने आम्ही हॉट प्रेसमध्ये, म्हणजे बॉयलरशेजारच्या उबदार कपाटात, टॉवेलांवर ठेवले. तरी काटा बसायला लागला, आणि रथसप्तमीच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला.

"आज फोटो निघाला नाही तर आईला दाखवायला नुसता पाक उरेल," बायको म्हणाली.

सँट्रीच्या आमच्या फ्लॅटबाहेर फोटोसाठी जागा म्हणजे कचऱ्याचे डबे. मी म्हटलं, माझ्यावर सोड. एका जुन्या जमीनदाराची हवेली नव्याने दुरुस्त करून लोकांसाठी उघडली होती, मागे बाग, बागेत काचघर. वेबसाइटवर लिहिलं होतं की मालकाचे कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे होते, म्हणून काचघरात तिकडची झाडं लावली आहेत. 'उसाचे मळे' एवढं वाचून मी लॅपटॉप मिटला. साखरेच्या पैशाचं घर, साखरेचे दागिने आणि वर कुंडीत खराखुरा ऊस. संक्रांतीला आणखी काय लागतं? हवेली जणू मीच बांधून घेतली होती, अशा थाटात गाडी चालवली.

ऊस होता. इथल्या मराठी मंडळात सांगताना तो छताची काच फोडून ढगात गेलेला असतो. प्रत्यक्षात माझ्याहून हातभर उंच. काळी चंद्रकळा नेसून, अंगभर पांढरे दागिने घालून बायको त्याच्याशेजारी उभी राहिली. फ्रेममध्ये फक्त माहितीचा एक बोर्ड येत होता. लग्नाच्या हॉलमध्ये उभा पंखा सरकवावा तसा मी तो सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. वाचला नाही.

घोळ वेगळाच निघाला. झाडांसाठी त्या काचघरात वाफ सोडतात. बघता बघता हार चिकट झाला, नथ ओठावर उतरली.

"अरे, लवकर. कानातलं गळतंय."

"हनुवटी वर घे. हास की जरा."

मागे दोन कृष्णवर्णीय बायका येऊन थांबल्या. मी हाताने दोन मिनिटं थांबा अशी खूण केली, आणि आयते श्रोते मिळाले म्हणून इंग्रजीत सुरू झालो. आमच्याकडे राण्या सोनं दासींना वाटून टाकत आणि स्वतः साखर घालत, त्यामुळे आमच्या मुंग्यासुद्धा खानदानी. धाकटी हसली नाही. थोरली, साठीपुढची, पाहुण्यासारखी हसली.

"इथे एक बोर्ड होता ना?" तिने विचारलं. "मी बार्बाडोसची. ही माझी लेक, इकडे आयर्लंडमध्येच ट्रलीला नर्स आहे. आज तो बोर्ड बघायलाच घेऊन आलीय मला."

मी हललो नाही. बायकोनेच जाऊन तो वळवला. वर मालकाच्या मळ्याचं नाव होतं. खाली चित्र: उसात वाकलेल्या बायका, डोक्यावर मोळ्या, एकीच्या पाठीला बांधलेलं मूल, आणि मागे घोड्यावर चाबूकवाला.

"हाच मळा," ती म्हणाली. "आमची माणसं या मळ्यावरचीच. विकत आणलेली."

बराच वेळ ती चित्र बघत राहिली. मग तिची नजर बायकोच्या गळ्याकडे गेली.

"सुंदर आहे. कुणी केलं?"

"माझ्या आईने." बायकोचा आवाज मलासुद्धा जेमतेम ऐकू आला.

"मग काढा फोटो, बाळा. आई वाट बघत असेल. आम्ही थांबतो." आणि लेकीचा हात धरून ती मागे सरकली. आम्हाला जागा करून दिली तिने.

तिने शिव्या दिल्या असत्या तर माझ्याकडे उत्तरं होती, माझ्याकडे ती कायम असतात. पण माझ्यासाठी बाजूला झालेल्या त्या बाईकडे मला मान वर करून बघता येईना.

"घरी जाऊ या," मी पुटपुटलो.

"आईने बोटं भाजून घेतलीत," बायको म्हणाली. "एकच काढ. आणि बोर्ड हलवायचा नाही."

एकच काढला. त्यात बायको हसत नाही. मी थँक्यू म्हणालो, सॉरीही म्हणालो, दोन्ही शब्द तिथे दिवाळीच्या टिकल्या फोडल्यासारखे वाजले. थोरलीने मान हलवली आणि त्या दोघी बोर्डापुढे उभ्या राहिल्या.

गाडीत सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"काटा जरा बसला, पण छान दिसून राहिलं जी. पोरीचं तोंड काहून असं? भांडले काय तुम्ही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईला यातलं काहीही कळायला नको होतं तिला, निदान आज.

"हो आई," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

मग सासूबाई सुरू झाल्या. पहिला सण, परका मुलूख, एकुलती एक पोर, जावयाला अक्कल केव्हा यायची. एरवी तिसऱ्या वाक्याला मी एखादी थाप मारून त्यांना हसवलं असतं. त्या दिवशी मी मध्ये बोललो नाही. बायको ओल्या टिश्यूने मानेवरचा पाक पुसत होती, आणि तो निघत नव्हता.